खुर्ची सुटल्यावर

निरोपसमारंभ होतो, शाल-श्रीफळ मिळतं आणि पुढच्या सोमवारी सकाळी आवरून झाल्यावर लक्षात येतं, की आज कुणी आपली वाट पाहत नाही. पेन्शनमुळे घर चालतं. पण कुणाला तरी आपली गरज असणं, ही भूक पेन्शननं भागत नाही.

अशा वेळी मला महर्षी धोंडो केशव कर्वे, म्हणजेच अण्णा, आठवतात. १९१४ साली अण्णा फर्ग्युसन कॉलेजातून निवृत्त झाले, तेव्हा ते ५६ वर्षांचे होते. गणित शिकवून झालं होतं, हिंगण्याचा विधवांसाठीचा आश्रम उभा राहिला होता. तरी १९१६ मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ काढलं. कुलपती झाले डॉ. रा. गो. भांडारकर, कुलगुरू झाले रँग्लर परांजपे, वयानं अण्णांहून अठरा वर्षांनी लहान. अण्णांनी स्वतःकडे घेतलं ते दारोदार फिरून वर्गणी गोळा करण्याचं काम. सत्तरी ओलांडल्यावर, १९२९ मध्ये, याच कामासाठी ते परदेशी निघाले. १९३६ मध्ये खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी त्यांनी मंडळ काढलं, तेव्हा ते ७८ वर्षांचे होते. १९४४ मध्ये समता संघ स्थापन केला, तेव्हा ८६ वर्षांचे.

अण्णांचा दीर्घोद्योग सगळ्यांना झेपणार नाही. पण धाकट्याच्या हाती अधिकार देऊन आपण कष्टाची बाजू उचलायची, हे त्यांच्याकडून घेता येतं. उतारवयातलं पुष्कळसं दुःख काम गेल्याचं नसतं, मान गेल्याचं असतं. मानाची अट सोडली, की कामाला तोटा नाही. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसानं बचत गटाच्या बायकांना हिशेब लिहायला शिकवावं. निवृत्त नर्सताईंनी गल्लीतल्या बाळंतिणीची विचारपूस करावी. गुरुजींनी तिसरीतल्या अडखळत वाचणाऱ्या पोराला रोज अर्धा तास जवळ बसवावं. ज्यांचं शरीर थकलं आहे, त्यांनी विश्रांती घ्यावी; तो त्यांचा हक्कच आहे.

तरुणांनाही एक सांगणं आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना "तुम्ही नुसते बसा" असं म्हणू नका. त्यांचा सल्ला घ्या, त्यांच्यावर एखादी जबाबदारी सोपवा.

आणि माझ्या वयाच्या मित्रमैत्रिणींनो, या आठवड्यात जवळच्या शाळेत किंवा वाचनालयात जा. तिथल्या तरुण माणसाला विचारा, "माझा काही उपयोग होईल का?" तो सांगेल ते काम मनापासून करा.