मास्तर कुठं गेला?

(पेठ, ता. आंबेगाव, जि. पुणे इथं युवकांपुढं केलेलं भाषण)



मी मॅट्रिक. गोदीत ओझी उचलतो, कविता लिहितो. विद्यापीठावर बोलणारा हा कोण, असं कुणी विचारील. काडेपेटीवर कर भरणारा माणूस. ज्याच्या पैशानं विद्यापीठ चालतं त्यानं जाब विचारायचा नाही तर कुणी विचारायचा?

२०१७ साली केंद्र सरकारनं 'स्वयं' सुरू केलं. आयआयटीतल्या, मोठ्या विद्यापीठांतल्या प्राध्यापकांची व्याख्यानं मोबाइलवर, फुकट, कुणालाही. मीसुद्धा ऐकतो. जहाज लागायला उशीर झाला की कानात इअरफोन घालून अर्थशास्त्र ऐकत बसतो. चांगलं शिकवतात, खोटं कशाला बोलू? ज्ञानाला हजारो वर्षं कुलूप घातलेल्या या देशात फुकटचं व्याख्यान ही लहान गोष्ट नाही. बाबासाहेबांनी १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज काढलं, तेव्हा वर्ग सकाळी भरवले. नोकरी करणाऱ्या पोरांना शिकता यावं म्हणून. ज्याला वेळ नाही त्याच्यासाठी वेळ शोधणं हे आपलंच काम आहे. पण त्या सकाळच्या वर्गात मास्तर उभा होता, आणि बाकावर शेजारी दुसरा पोरगा होता.

गोम पुढं आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१६ साली नियम केला : एका सत्रातले २० टक्क्यांपर्यंत विषय 'स्वयं'वरून घ्या, श्रेयांक पदवीत धरा. २०२१ साली २० चे ४० केले. आणि असा विषय कधी घ्यायचा? २०१६ च्या नियमात जी कारणं दिलीत त्यात एक असं आहे, की विभागात योग्य शिक्षक उपलब्ध नसेल तेव्हा. नीट ऐका. मास्तर नाही तर मास्तर नेमा, असं नाही. मास्तर नाही तर पडदा लावा!

आणि मास्तर का नाही? माणसं संपली काय? नेट-सेट झालेली आपली पोरं तासिका तत्त्वावर राबताहेत. जेवढे तास, तेवढा पैसा. सुट्टी लागली की चूल थंड. पद मंजूर होतं कार्यभारावर. विषय मोबाइलवर गेला की कार्यभार घटला, कार्यभार घटला की पद गेलं, पद गेलं की बिंदुनामावलीतला बिंदूही गेला. आरक्षण कुणी रद्द केलं नाही. फक्त ते लावायला जागाच उरली नाही.

हा डाव आम्ही गोदीत पाहिलाय. पूर्वी गोणी टोळी उतरवायची. मग कंटेनर आला. एका टोकाला माल भरायचा, सील ठोकायचं, दुसऱ्या टोकाला उघडायचं. मधे माणसाचा हात नाही. माल वाढला आणि टोळ्या गेल्या. उरलो आम्ही, कंत्राटी. लोखंडाच्या पेटीशी माझं भांडण नाही. ती कुणाच्या हुकमानं आली, कुणाला उठवून आली, एवढंच मी विचारतो.

हे आपलंच रडगाणं नाही. अमेरिकेत सॅन होजेच्या सरकारी विद्यापीठात २०१३ साली तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांना सांगितलं, हार्वर्डच्या मायकेल सँडेल यांची चित्रित व्याख्यानं वापरा. त्यांनी सँडेलनाच उघडं पत्र लिहून नकार कळवला. त्यांची भीती अशी, की श्रीमंतांच्या पोरांना जिवंत प्राध्यापक मिळेल नि बाकीच्यांना त्याचा पडदा. त्याच विद्यापीठानं त्याच वर्षी एका कंपनीबरोबर असेच वर्ग चालवले. निम्म्याहून जास्त पोरं नापास झाली, जुलैत प्रयोग थांबवावा लागला.

जोतीरावांनी १८८२ सालीच हंटर कमिशनपुढं मांडलं होतं, की शिक्षक शेतकऱ्यांच्या जातींतले हवेत, पोरांत मिसळणारे, त्यांची गरज ओळखणारे. मोबाइलमधला प्राध्यापक कितीही विद्वान असू दे. मागच्या बाकावरची पोरगी आठ दिवस का आली नाही, शिष्यवृत्ती अडकली का बाप आजारी पडला, हे त्याला कुठून कळणार? त्यात बहुतेक व्याख्यानं इंग्रजी. काहींचं भाषांतर झालंय, पण तेही शोधावं लागतं. डिंभ्याच्या वरच्या अंगाला रेंजसाठी टेकडी चढावी लागते, हे २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सगळ्यांनी पाहिलं. घरात मोबाइल एक, तोही बापाच्या खिशात. अभ्यासक्रम फुकट, पण प्रमाणपत्राच्या परीक्षेला फी आहे, आणि केंद्र शहरात. एस.टी.चं भाडं कोण देणार?

मग काय, 'स्वयं' जाळायचं? अजिबात नाही. शिकायचं. कॉलेजात नाही तो विषय मिळतो, तो घ्यायचा. पण आयोगाच्या त्याच नियमात आणखी एक कलम आहे, ते कुणी वाचून दाखवत नाही. संगणक, ग्रंथालय, प्रयोगशाळा या सोयी कॉलेजनं फुकट आणि पुरेशा द्यायच्या. विद्यार्थ्यांना मार्ग दाखवायला एक समन्वयक नेमायचा. २० टक्के तेवढे पाठ आणि हे कलम बासनात, असं कसं चालेल?

आपल्या भागातली कॉलेजं सावित्रीबाईंच्या नावाच्या विद्यापीठाखाली येतात. २०१४ साली नाव दिलं, छान झालं. सावित्रीबाई स्वतः वर्गात उभी राहून शिकवायची. अंगावर शेण झेललं, पण वर्ग सोडला नाही.

तेव्हा मंचर, घोडेगाव, जुन्नर, अवसरी, जिथं शिकत असाल तिथं तीन प्रश्न लेखी विचारा. 'स्वयं'वर टाकलेल्या विषयाचं पद रिकामं आहे का, केव्हापासून? समन्वयक कोण? संगणकाची खोली किती वाजेपर्यंत उघडी? उत्तराची पोच घ्या. अर्ज मी लिहून आणलाय, दाराजवळच्या टेबलावर ठेवलाय. ज्यांच्या विषयाला यंदा मास्तर नाही त्यांनी जाताना वहीत विषय आणि वर्ष लिहून द्या. नाव नाही लिहिलं तरी चालेल.