संमती आणि सहभाग
(वार्षिक संमेलनातील भाषण)



नगररचना हा विषय अभियंत्यांचा व महापालिकेचा, घरसंसारी माणसाचा त्याच्याशी काय संबंध, असे पुष्कळांना वाटेल. परंतु आपल्या ज्ञातीतील किती तरी कुटुंबे आज मुंबईतील जुन्या चाळींत व जीर्ण इमारतींत राहत आहेत, आणि त्यांच्या दारी पुनर्विकासाचे कागद येऊन ठेपले आहेत. सही करावी की करू नये, याची चर्चा घरोघर चालते. त्याच्या आधीचा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. हा कागद तयार होत होता तेव्हा आपण कोठे होतो? संमती म्हणजे दुसऱ्याने आखलेल्या बेताला दिलेला होकार. सहभाग म्हणजे बेत आखला जात असतानाच त्यात आपला विचार घालणे. या दोहोंतील भेद आज मला आपणांपुढे मांडावयाचा आहे.

होळकरांच्या इंदुरात घडलेली हकिकत या संदर्भात स्मरणात ठेवण्याजोगी आहे. १९१७ साली त्या शहराला प्लेगाने ग्रासले होते. स्कॉटलंडचे नगररचनाकार पॅट्रिक गेडिस हे शहराचा अभ्यास करण्यासाठी तेथे आले होते. ते गल्लीबोळांतून पायी हिंडत, तेव्हा लोक त्यांच्याकडे भीतीने पाहत.  गेडिस यांनी दिवाळीत एक मिरवणूक काढण्याचे ठरविले. ती नेहमीच्या मार्गाने न जाता, जेथील रहिवाशांनी आपली घरे अधिकांत अधिक झाडून-सारवून दुरुस्त केली असतील त्या रस्त्यांनी जाईल, असे त्यांनी जाहीर केले. केरकचरा विनामूल्य वाहून नेण्याची सोयही केली. मग काय विचारता! गल्लीगल्लीत चढाओढ लागली. मिरवणुकीत सफाईचे काम करणारी मंडळी शुभ्र वस्त्रे लेवून मानाने चालली, आणि अखेरीस घाणीचा राक्षस व प्लेगाचा उंदीर यांच्या प्रतिमांचे दहन झाले. १९१८ साली गेडिस यांनी इंदूर दरबारास आपला द्विखंडात्मक अहवाल सादर केला. जुनी वस्ती सरसकट पाडून रुंद रस्ते काढण्यास त्यांचा विरोध असे. आधी वस्तीचे निदान करावे, मग जेवढा भाग खरोखर रोगट असेल तेवढ्यावरच शस्त्र चालवावे, असे त्यांचे मत होते. पुढे १९१९ पासून मुंबई विद्यापीठात ते समाजशास्त्र व नागरिकशास्त्र यांचे प्राध्यापक होते.

आता मुंबईकडे वळू. १९१५ साली गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदली गेली. श्रीपाद सुब्राव तालमकी हे तिचे प्रवर्तक. भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या मध्यम स्थितीतील माणसांनी एकत्र येऊन आपल्या निवाऱ्याची व्यवस्था आपणच पाहावी, हा त्यामागील विचार. एका ज्ञातीने लावलेले हे रोप पुढे सहकारी गृहनिर्माणाच्या रूपाने सर्व समाजात फोफावले, हे आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थांनी विसरू नये.

शंभर वर्षांनंतर, २०१५ च्या फेब्रुवारीत, मुंबईच्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला. त्यात रस्त्यांच्या रेषा उभ्या इमारतींवरून गेलेल्या आढळल्या, वारसा वास्तूंच्या नोंदी चुकलेल्या आढळल्या. या चुका रहिवाशांनी नकाशे उलगडून आपापल्या गल्लीशी ताडून पाहिल्या, तेव्हा चव्हाट्यावर आल्या. हरकतींचा पाऊस पडला, आणि एप्रिलमध्ये शासनाने मसुद्याची फेररचना करण्याचा आदेश दिला. सुधारित मसुदा २०१६ साली आला व २०१८ साली मंजूर झाला. कार्यालयात बसलेल्या विद्वानांना जे दिसले नाही ते गल्लीत राहणाऱ्या सामान्य माणसाला दिसले. पावसाळ्यात पाणी कोणत्या कोपऱ्यावर तुंबते आणि शाळेची मुले रस्ता कोठे ओलांडतात, हे त्याच्यावाचून कोण सांगणार?

कायद्याने आपणांस दारे उघडून दिली आहेत. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमान्वये आराखड्याच्या मसुद्यावर विहित मुदतीत हरकती व सूचना देण्याचा अधिकार आहे. सहकारी संस्थांच्या पुनर्विकासाबाबत ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाने सभेची गणसंख्या दोन तृतीयांश ठरविली, एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची लेखी संमती आवश्यक केली आणि सभेचे चित्रीकरणही सांगितले. परंतु ५१ टक्के सह्या झाल्या म्हणजे सहभाग झाला, असे मानणे हा भ्रम होय. उरलेल्या ४९ टक्क्यांत एखादी एकटी विधवा भगिनी असेल. उंच इमारतीतील उद्वाहनाचा व देखभालीचा मासिक खर्च आपल्या निवृत्तिवेतनात कसा बसवावा, ही तिची चिंता करारात कोठे नोंदली जाते? भाडेकरू व पोटभाडेकरू तर सभासदांच्या यादीतही नसतात.

म्हणून माझी नम्र सूचना अशी. विकासकाला बोलावण्यापूर्वी प्रत्येक इमारतीतील रहिवाशांनी प्रथम आपली यादी करावी: किती माणसे, किती वृद्ध, किती शाळकरी मुले, कोणाला काय परवडेल, काय गमावणे परवडणार नाही. ही यादी करताना भगिनींना पुढे बसवावे. घराचा वापर त्यांच्याइतका कोणी जाणत नाही. करार मराठीत वाचून दाखविल्याखेरीज सही करू नये. आपल्या ज्ञातीतील अभियंते व वकील मंडळींनी महिन्यातून एक सायंकाळ या कामासाठी द्यावी, आणि आपल्या कार्यालयात प्रभागाचा नकाशा भिंतीवर लावावा.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगतो. हा नकाशा पाहण्यास शेजारच्या सर्व ज्ञातींच्या व धर्मांच्या मंडळींना बोलवावे. नळ, गटार, रस्ता आणि मैदान यांना जात नसते. ज्ञाती हे आपले माहेर असेल. पण वस्ती हा आपला नित्याचा संसार आहे, आणि तो शेजाऱ्यांच्या सोबतीनेच चालतो. आपल्याच सभासदांपुरती सोय पाहून आपण थांबलो, तर उद्या त्या मोकळ्या मैदानावर भिंत उभी राहील तेव्हा आपल्या बाजूने बोलावयास कोणी उरणार नाही.