सांबराचे शिंग

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात सांबर हे भारतातील सर्वांत मोठे हरीण नांदते. ब्रिटिश शिकारी दक्षिण भारतात व श्रीलंकेत यालाच ‘एल्क’ म्हणत. राठ तपकिरी केस, नराच्या मानेवर आयाळ व त्रिशाखी शिंगे ही त्याची लक्षणे होत. दिवसा ते गर्द झाडीत विसावते, रात्री चरते. बिबट्याची चाहूल लागताच ओरडून रान सावध करते.

गाईचे शिंग जन्मभर टिकते. सांबराचे बहुधा दरवर्षी गळून नवे येते. गळलेले शिंग साळिंदर कुरतडते, त्यातून त्यास चुना मिळतो. एखाद्या विद्यार्थ्याने असे शिंग शाळेत आणल्यास रागावू नये. परंतु उद्यानातून ते उचलण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे, हे समजावून सांगावे. वस्तुपाठ चित्रावरून द्यावा. शिंग रानातच राहू द्यावे.