एका घरात एकच नाश्ता

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या महिला मंडळाने आयोजित केलेल्या आरोग्यविषयक कार्यक्रमात एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही. बी विंगमध्ये २५ वर्षं राहणारी, बँकेतून निवृत्त झालेली आणि सात वर्षं मधुमेह सांभाळणारी एक गृहिणी आहे. मंडळातल्या मुली म्हणाल्या, "काकू, तुम्ही नाश्त्याचं काय केलंत तेवढं सांगा." तेवढंच सांगते.

१९९९ साली आपण इथे राहायला आलो. तेव्हा मी नेरूळहून सकाळची सीएसटी लोकल पकडायचे. नाश्ता म्हणजे दोन चमचे साखरेचा चहा आणि त्यात बुडवलेली खारी. रविवारी कांदेपोहे, संकष्टीला साबुदाण्याची खिचडी. तुमच्यापैकी बऱ्याच घरांत हेच असेल.

२०१७ मध्ये उपाशीपोटीची साखर १६८ आली आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ८.४. उपाशीपोटी १२६ किंवा एचबीएवनसी ६.५ च्या पुढे मधुमेह समजतात. माझा पहिला प्रश्न, "मी तर बारीक, मला कशी शुगर?"

याचं उत्तर आपल्या पुण्यातच आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा एकत्र फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. उंचीच्या मानाने दोघांचं वजन अगदी सारखं, बॉडी मास इंडेक्स २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्यात २१.२ टक्के! आपण भारतीय दिसायला बारीक असलो तरी आतून बारीक नसतो. तेव्हा "मला काय होतंय" असं कोणीही म्हणू नये.

मग मी घाबरले. माझ्यासाठी ओट्स आणि बाकीच्यांसाठी पोहे, असे दोन शेगड्यांवर दोन नाश्ते सुरू झाले. जेमतेम तीन आठवडे टिकलं. ओट्स गिळून झाले की ओट्याशी उभी राहून कढईतले पोहे "चाखायला" म्हणून खायचे. चाखणं कधी बशीभर व्हायचं, कळायचं नाही. एकदा तर चिडून गोळी घेतली, नाश्ता केलाच नाही आणि भाजीला गेले. बाजारात घाम फुटला, हात थरथरायला लागले. भाजीवाल्या मावशींनी बसवलं, चहावाल्याकडून साखरेचं पाणी आणून पाजलं. नंतर डॉक्टर ओरडले. काही गोळ्यांवर उपाशी राहिलं की साखर एकदम उतरते. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यातून लगेच घ्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायची. ज्यांच्या घरी गोळ्या-इन्सुलिन आहे त्यांनी हे फ्रीजवर लिहून ठेवा.

त्यानंतर मुलाने ग्लुकोमीटर आणून दिला. बँकेतली सवय कामी आली, मी वही घातली. नाश्त्याला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी मोजायचं. डॉक्टरांनी मला मर्यादा दिली होती १८०. भरगच्च डिश पोहे आणि साखरेचा चहा: २३१. दुसऱ्या रविवारी आधी वाटीभर मटकीची उसळ, मग मटार-शेंगदाणे घातलेले निम्मे पोहे आणि बिनसाखरेचा चहा: १६६. पोहे तेच, कढई तीच! माझे आकडे तुमचे नसतील, म्हणून ज्याने त्याने आपले मोजावेत.

हिशेब सोपा आहे. पोहे, रवा, इडली, ब्रेड हे मुख्यतः पिष्ट. साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ पिष्ट, १०० ग्रॅममध्ये प्रथिनं एक ग्रॅमसुद्धा नाहीत. तेवढ्याच कोरड्या मुगात ती २२-२४ ग्रॅम असतात. पिष्ट कमी करून त्याच्या जोडीला डाळ, कडधान्य, अंडं, दही, भाजी आली की साखर हळू चढते आणि अकरा वाजता भूकही लागत नाही.

आता आमच्याकडे सगळ्यांना एकच नाश्ता असतो. मुगाचं धिरडं, भाजणीचं थालीपीठ नि ताक, भाज्या घातलेला थोडा उपमा आणि उकडलेलं अंडं, ज्वारीची भाकरी आणि रात्रीची पालेभाजी. इडली असली तर दोनच, पण सांबार वाटी भरून. शेजारच्या गावातल्या माझ्या आगरी मैत्रिणीकडे सकाळी तांदळाची भाकरी लागतेच. ती आता एकच घेते आणि बरोबर वालाची उसळ किंवा मासळी. संकष्टीला मी भगर आणि शेंगदाण्याची आमटी करते. भगरही बेतानेच.

दोन-तीन गैरसमज सांगते. गुळानेही साखर वाढते. नाचणी चांगली, पण बारीक पिठाची पातळ खीर पटकन चढते, त्यापेक्षा भाकरी बरी. ज्यूसपेक्षा अख्खं फळ खा. "डायबेटिक" लिहिलेली बिस्किटंही मैद्याची असू शकतात, पाकिटामागचं वाचा. आणि कारल्याचा रस पिऊन गोळी बंद करू नका.

हे सगळं माझ्यापुरतं होतं असं मला वाटायचं. मग मुलाच्या कंपनीत तपासणी झाली. वय ३६, एचबीएवनसी ६.१, म्हणजे उंबरठ्यावर. त्या दिवशी मला रडू आलं. तीस वर्षं त्याला चहा-खारी मीच दिली होती. आता तोही आमचाच नाश्ता करतो, रोज चालतो, आणि गेल्या वेळी त्याचा आकडा ५.६ आला. माझाही ६.९ आहे. पथ्य एकट्या माणसाने पाळायचं म्हटलं तर ते शिक्षा होतं. सगळ्या घराने पाळलं की त्याची सवय होते.

२०२३ मध्ये आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीचा अंदाज आला, मधुमेही १० कोटींच्या वर आणि उंबरठ्यावरचे १३ कोटींच्या वर. आपल्या चार विंग त्याला अपवाद असतील असं मला वाटत नाही.

म्हणून कार्यकारिणीला एक विनंती. २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर आपण वडापाव, जिलेबी आणि गोड चहा देतो. मुलांची जिलेबी काढू नका. फक्त शेजारच्या टेबलावर मोड आलेल्या मुगाची उसळ, उकडलेले शेंगदाणे आणि बिनसाखरेचा चहा ठेवा. उसळ करायची जबाबदारी माझी. आणि त्या टेबलावर "मधुमेहींसाठी" अशी पाटी लावू नका. पाटी लावली की तिथे कोणी येत नाही, मीसुद्धा आले नसते.