चार पौंड तांबे



श्रोतेहो, आमच्या घरी तांब्याची एक मोठी देग होती. ईदला, लग्नकार्याला तिच्यात बिर्याणी शिजायची. वर्षातून एकदा कल्हईवाला दारात यायचा, भाता लावायचा, नवसागराचा वास गल्लीभर पसरायचा आणि काळवंडलेली देग आतून चांदीसारखी व्हायची. पुढे कल्हईवाले येईनासे झाले. देग माळ्यावर गेली आणि एके दिवशी मीच ती मोडीत काढली. दुकानदाराने ती तराजूत टाकली, भाव सांगितला, पैसे मोजून दिले. अम्मी त्या वेळी काही बोलली नाही. संध्याकाळी एवढेच म्हणाली, "त्याने देग घेतली कुठे? त्याने तांबे घेतले."

हे वाक्य मला पुन्हा आठवले ते कॅनडाच्या उत्तर टोकावरच्या एका नदीविषयी वाचताना. तिचे नाव कॉपरमाइन. म्हणजे तांब्याच्या खाणीची नदी. आणि गंमत अशी, की त्या नदीकाठी तांब्याची खाण आजवर कधीच चाललेली नाही.

ही नदी उत्तर ध्रुववृत्त ओलांडून आर्क्टिक महासागराला मिळते. झाडे जवळपास संपलेली, खालची जमीन बारमाही गोठलेली, वर शेवाळ, खुरटी झुडपे आणि कॅरिबू हरणांचे कळप. पण तिथला दगड मात्र आपल्या ओळखीचा आहे. तो बेसाल्ट, आपला काळा पाषाण. आपला सह्याद्री जसा लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झाला, तसेच तिथले डोंगर. फरक वयाचा. आपला दगड सुमारे 6.6 कोटी वर्षांचा, तिथला सुमारे 127 कोटी वर्षांचा.

लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे त्याच्या वरच्या भागात अडकतात आणि दगडात पोकळ्या राहतात. आपल्याकडे विहीर खणताना अशा पोकळ्यांत जिओलाइटचे पांढरे स्फटिक सापडतात. कॉपरमाइनच्या दगडात काही ठिकाणी चक्क तांबे सापडते. बेसाल्टमध्ये टनामागे शंभर ग्रॅमच्या आसपास तांबे विखुरलेले असते. थरावर थर चढून दगड खोल दबला, की त्यातून गरम पाणी फिरू लागते. ते तांबे विरघळवून नेते आणि पोकळ्यांत, भेगांत सोडून देते. तिथे गंधक भेटले तर तांब्याचे सल्फाइड होते. गंधक नसेल तर निखळ धातूच साचतो. त्याला भट्टी लागत नाही. पुढे हिमयुगात हिमनद्यांनी हे डोंगर खरवडले आणि तांब्याचे तुकडे सुटे करून खडीमातीत पसरून टाकले.

तिथल्या लोकांना हे तुकडे ठाऊक होते. इन्यूट आणि डेने लोक ते वेचत, दगडाने ठोकत, मधूनमधून तापवून मऊ करत. त्यातून सुऱ्या होत, बाणांची टोके होत, बर्फ फोडायच्या छिन्न्या होत. डेने लोकांतल्या एका टोळीला युरोपीय लोक तिच्या तांब्याच्या सुऱ्यांवरून 'यलोनाइफ' म्हणू लागले. पुढे सोन्याच्या खाणींमुळे वाढलेल्या यलोनाइफ शहराचे नाव असे तांब्यावरून आले आहे.

हडसन बे कंपनीच्या ठाण्यावर व्यापाराला येणाऱ्यांनी असे काही तुकडे आणले. तुकड्यांच्या मागोमाग अफवा आल्या. तिकडे म्हणे टेकड्याच तांब्याच्या आहेत, गोटे उचलावेत तसे तांबे उचलता येते. कंपनीने शोधासाठी सॅम्युअल हर्न नावाचा तरुण पाठवला. त्याचे दोन प्रयत्न फसले. 7 डिसेंबर 1770 रोजी तो तिसऱ्यांदा निघाला. या वेळी वाटाड्या होता मातोनाबी हा डेने नायक. दोन्ही प्रयत्न का फसले, याचे मातोनाबीने दिलेले कारण मोठे मार्मिक आहे. तुम्ही बायकांना बरोबर घेतले नाही, मग ओझी कोण वाहणार, कपडे कोण शिवणार, असे त्याचे म्हणणे होते.

जुलै 1771 मध्ये ते नदीवर पोहोचले. तिथल्या एका धबधब्यापाशी हर्नच्या सोबत्यांनी झोपेत असलेल्या इन्यूटांच्या तळावर हल्ला केला. हर्नच्या पुस्तकानुसार वीसहून अधिक माणसे मारली गेली. एक अठराएक वर्षांची मुलगी भाल्याचे घाव खाऊन त्याच्या पायांना बिलगली होती. पुस्तकातल्या तपशिलांविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पण त्या जागेचे नाव 'ब्लडी फॉल्स' पडले, ते राहिले.

मग त्याला ती 'खाण' दाखवण्यात आली. नदीच्या मुखापासून सुमारे तीस मैलांवर दगडगोट्यांचा एक विस्कळीत पसारा होता. चार तास सगळ्यांनी शोधले. नाव घेण्यासारखा एकच तुकडा मिळाला, चार पौंडांहून थोडा अधिक, म्हणजे आपल्या हिशेबाने पावणेदोन किलोच्या वर. त्यासाठी एकोणीस महिन्यांची पायपीट. हर्नच्या नकाशात चुका होत्या. नदीचे मुख त्याने खऱ्या जागेपेक्षा चार अंश उत्तरेला दाखवले. पण तांब्याच्या बाबतीत तो खोटे बोलला नाही. रिकाम्या हाताने परतून 'तिथे काही नाही' असे धन्याला सांगायला धैर्य लागते.

हर्ननेच तिथली एक कथा नोंदवली आहे. तांब्याची ही जागा प्रथम एका बाईला सापडली. ती दरवर्षी पुरुषांना तिथे घेऊन जाई. एकदा त्यांच्यातल्या काहींनी तिच्याशी अतिप्रसंग करायचा प्रयत्न केला. तेव्हा ती म्हणाली, मी इथेच बसते. मी जमिनीत जाईन आणि माझ्याबरोबर तांबेही जाईल. पुढच्या वर्षी लोक आले तेव्हा ती कमरेपर्यंत रुतलेली होती आणि तांबे कमी झाले होते. त्याच्या पुढच्या वर्षी ती दिसली नाही. उरले होते थोडे तुकडे.

भूवैज्ञानिक याचे उत्तर वेगळे देईल. जमिनीवरचे तुकडे हिमनदीने पसरलेले होते, वेचले की संपणारच. पण माणसे ज्या गोष्टीचा मान राखत नाहीत ती त्यांच्या हातून जाते, हे सांगायला मला हीच कथा पुरेशी वाटते.

1960च्या दशकाच्या उत्तरार्धात विमानांतून माणसे उतरली आणि हजारो दाव्यांच्या खुंट्या ठोकल्या गेल्या. एका भेगेत तीस-चाळीस लाख टन धातुक सापडले, त्यात जवळपास तीन टक्के तांबे. ऐकायला ते पुष्कळ वाटते. पण रस्ता नाही, समुद्र वर्षातले बरेच महिने गोठलेला. खर्च आणि उत्पन्न यांचा मेळ बसला नाही. भूविज्ञानात 'साठा' आणि 'आढळ' असे दोन शब्द आहेत. काढून परवडेल तो साठा, न परवडणारा तो नुसता आढळ. म्हणजे हा फरक दगडात कमी आणि आपल्या वहीखात्यात जास्त. ज्याला सुरी हवी होती त्याच्यासाठी एक तुकडा पुरेसा होता. ज्याला जहाज भरायचे होते त्याच्यासाठी तिथे काहीच नव्हते.

हर्नचा तुकडा पुढे लंडनच्या संग्रहालयात गेला. त्याचे वजन नोंदलेले आहे. त्या मुलीचे नाव मात्र कुठेच नोंदलेले नाही.

नदीच्या मुखावरच्या वस्तीचे नावही पूर्वी कॉपरमाइनच होते. 1996 मध्ये तिथल्या इन्यूटांनी ते बदलून कुगलुकटुक केले. त्याचा अर्थ वाहत्या पाण्याची जागा. त्याच वर्षी डेने आणि इन्यूट यांचे प्रतिनिधी त्या धबधब्याच्या जागी एकत्र आले, जुनी जखम भरून यावी म्हणून. सव्वादोनशे वर्षांनी.

जे कधी नव्हतेच त्या खाणीचे नाव त्यांनी टाकून दिले आणि जे रोज समोरून वाहते त्याचे ठेवले. मला वाटते, अम्मीला हे लगेच कळले असते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)