अनेक भाषा, एक करार



कामगार संघटनेच्या माणसाने संगणकाच्या भाषांवर बोलावे, याचे कुणाला नवल वाटेल. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि कारखान्याच्या दारात पुष्कळ झाले. पण विषय माझ्या ओळखीचा आहे. कारागिराने वर्षानुवर्षे कमावलेली कला एका मालकाच्या मर्जीवर जगावी काय, हाच तो विषय.

१९९५ साली नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत जावास्क्रिप्ट या भाषेचा पहिला आराखडा उभा केला. पुढे सर्व ब्राउझरांना समजणारी तेवढी एकच प्रोग्रॅमिंगची भाषा राहिली. ज्याचा हात सी किंवा सी++ वर बसला होता, तो उंबरठ्याबाहेर. आत शिरायला एकेका कंपनीने आपापली वाट काढली. अडोबीच्या फ्लॅशवर किती तरी खेळ आणि चलच्चित्रे तयार झाली. ३१ डिसेंबर २०२० रोजी कंपनीने फ्लॅशचा आधार काढून घेतला. कारागीर होते, त्यांची कला होती. चालवणारे यंत्र तेवढे उरले नाही. गूगलचे नेटिव्ह क्लायंट निघाले, तेही इतर ब्राउझरांनी स्वीकारले नाही.

मग २०१५ साली गूगल, मोझिला, मायक्रोसॉफ्ट आणि ॲपल एका कामाला लागले. बाजारात एकमेकांचे गिऱ्हाईक ओढणारे हे चौघे! त्यांनी ठरवलेल्या मानकाचे नाव वेबअसेंब्ली. २०१७ मध्ये चौघांच्या ब्राउझरांत ते चालू लागले आणि ५ डिसेंबर २०१९ रोजी डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने त्यावर शिक्कामोर्तब केले.

यातले मर्म असे, की कुणावर नवी भाषा लादली नाही. ज्याने त्याने आपल्या भाषेत लिहावे. कंपायलर त्याचे एका ठरलेल्या, आटोपशीर संकेतात रूपांतर करतो. ब्राउझर तो संकेत आधी तपासतो, मग चालवतो. आणि नेमून दिलेल्या मेमरीच्या बाहेर त्याला हात घालू देत नाही. सी, सी++, रस्ट यांची सोय आधी झाली. कोटलिन, डार्ट अशा भाषांना मेमरी झाडून काढणारा गडी लागतो. तो प्रत्येकीने आपल्याबरोबर आणावा, ही अडचण होती. २०२३ पासून क्रोम आणि फायरफॉक्स तो गडी स्वतःच पुरवू लागले.

उणीव राहिली आहे, तीही सांगतो. पानावरचे एखादे बटण बदलायचे तर अजून जावास्क्रिप्टचीच मध्यस्थी लागते. शिवाय मानक लिहिणाऱ्यांत मोठ्या कंपन्यांचे वजन मोठे आहे. करार झाला म्हणजे न्याय झाला, असे मी तीस वर्षांत एकदाही पाहिलेले नाही.

तरीही एकट्या मालकाच्या शब्दापेक्षा चारचौघांसमोर लिहिलेला करार केव्हाही बरा. शब्द फिरवता येतो. लिखित कलमावर बोट ठेवता येते. या कराराचा मसुदा उघडा आहे, तो वापरायला कुणाला मोबदला द्यावा लागत नाही. तेव्हा आपल्या मुलामुलींना भाषा जरूर शिकवा. पण करार वाचायलाही शिकवा.