मोडीची दप्तरे आणि छापील अक्षर



महाजन कोण, पालखीचा मान कोणाचा, कोणत्या कुळागराचे उत्पन्न नंदादीपास लावलेले, हे एकाच्या स्मरणात मावत नाही. ते दप्तरात राहते. आणि दप्तर वाचणारा असेल तोवरच संस्थेला ते ठाऊक असते.

जुन्या चोपड्या अनेक ठिकाणी मोडीत आहेत. मोडी ही बोरूची लिपी. आधी आडवी रेघ ओढायची, मग तिच्याखाली हात फारसा न उचलता अक्षरे वळवीत जायचे. ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही, शब्द तोडलेले नाहीत. लिहिणाऱ्याची सोय पाहणारी ही लिपी वाचणाऱ्याची परीक्षा घेते. म्हणून ती जुन्या कारकुनाशेजारी उमेदवारी करूनच अंगी मुरे. त्या उमेदवारीत अक्षराबरोबर व्यवहारही शिकला जाई: कोणती रक्कम कीर्दीत, कोणती खतावणीत, कोणत्या तंट्याचा निवाडा कोठे सापडेल.

छापखान्याला हे वळण मानवले नाही. विल्यम कॅरे यांचे मराठी व्याकरण १८०५ साली सेरामपूरला निघाले ते देवनागरी खिळ्यांनी. पुढे तेथे मोडीतही छपाई झाली. पण टिकले ते सुटे बालबोध अक्षरच. त्यामुळे वाचन कारकुनांच्या घरांबाहेर, स्त्रियांपर्यंत गेले. मोडीसाठी हळहळणाऱ्यांनी हा लाभ विसरू नये. परंतु विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी शाळांतून गेली, आणि आजोबांहून अधिक शिकलेल्या नातवाला आजोबांची चोपडी मुकी झाली.

गोमंतकात आणखी एक भर पडली. माझानींच्या १८८६ च्या आणि नंतर १९३३ च्या नियमावलीने देवस्थानांच्या कारभाराला पोर्तुगीज चौकट घातली. १९६१ नंतर ती भाषा वाचणारेही विरळ होत गेले. कपाट एक, कुलपे दोन.

आता दप्तरांची छायाचित्रे संगणकात साठवता येतात. संगणकाच्या युनिकोड लिपिसंचात मोडीला २०१४ साली स्थानही मिळाले. पान वाळवीपासून वाचेल. परंतु प्रत्येक चित्राला वर्ष, विषय व नावे बालबोधीत जोडली नाहीत, तर कपाटातला गोंधळ संगणकात गेला एवढेच. शिवाय एखाद्या नोंदीत ‘सुत’ म्हणजे पुत्र की ‘सूत’ म्हणजे धागा, हे देवस्थानचा व्यवहार जाणणाराच सांगू शकेल. मोडी व पोर्तुगीज वाचणारे काही वृद्ध अजून आहेत. त्यांच्याशेजारी बसण्यास प्रत्येक समितीने या वर्षीच दोन तरुण नेमावेत. कॅमेरा मागाहून आणला तरी चालेल.